शतपावली कोठे घालावी?

आपल्या व्यवसायातील असा एकही बंधू वा भगिनी नसेल, की ज्यांनी आज दिवसभरात एखाद्या तरी रुग्णास "रोज चालत जा" असे सांगितले नसेल. रक्तशर्करा वाढली, चाला. रक्तदाब वाढला, चाला. वजन, गुडघे, बद्धकोष्ठ, निद्रानाश, मनाची उदासी, सर्वांवर हा एकच उतारा. सल्ला योग्यच आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु तो आपण देतो कसा, हे जरा तटस्थपणे पाहण्यासारखे आहे. पाच मिलिग्रॅमची गोळी लिहिताना ती सकाळी की रात्री, जेवणापूर्वी की जेवणानंतर, किती दिवस, हे आपण बारकाईने लिहितो. चालण्याचा सल्ला मात्र तोंडी असतो आणि तोही रुग्ण खुर्चीवरून उठत असताना. त्यात मात्रा नाही, वेळ नाही, पथ्य नाही. आणि हे औषध मिळते कोठे, हे तर आपण कधीच सांगत नाही.

रुग्ण मात्र ते विचारतात. साठीच्या पुढचे तर हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, चालायचे खरे; पण कोठे?" हा प्रश्न आपण बहुधा आळसाची सबब म्हणून हसण्यावारी नेतो. मला तो शंभर टक्के वैद्यकीय प्रश्न वाटतो. चालणे हे औषध आहे असे आपले म्हणणे असेल, तर ते रुग्णाच्या दारात उपलब्ध आहे की नाही याची चौकशी करणे हेही आपलेच काम आहे. या लेखात तेवढेच सांगावयाचे आहे. मात्र तेथे पोहोचण्याआधी मात्रा आणि वेळ यांविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे.

चालणे आणि हृदय यांचा संबंध ज्या अभ्यासाने प्रथम आकड्यांत मांडला, तो लंडनच्या बसगाड्यांतला. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी केली आणि ती १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. गाडी दुमजली. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे देत दिवसभर जिन्याने वर-खाली. गाडी एक, रस्ते एक, हवा एक. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आणि तो झालाच तर उशिरा व सौम्य स्वरूपात. टपाल खात्यातील पोस्टमन आणि बैठे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. मॉरिस यांचा मोठेपणा असा, की आपल्या निष्कर्षावर त्यांनी स्वतःच शंका घेतली. १९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेषांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरघेर तरुण वयातही वाहकांपेक्षा जास्त भरला. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही, स्थूल मंडळी मुळातच बैठे काम पत्करीत असावीत. गणवेषाच्या शिंप्याकडील नोंदींतून रोगपरिस्थितिविज्ञान काढणारा हा गृहस्थ २००९ साली निवर्तला, तेव्हा तो ९९ वर्षांचा होता.

आता दहा हजार पावलांविषयी. आमच्याकडे येणारा प्रत्येक तिसरा गृहस्थ मनगटावरचे घड्याळ पुढे करून आज सहाच हजार झाली म्हणून खंत व्यक्त करतो. हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव विक्रीसाठी ठेवले, ते जगाने शास्त्र म्हणून स्वीकारले. खरा अभ्यास पुष्कळ नंतर झाला. डॉ. आय-मिन ली यांनी २०१९ साली सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. २०२२ साली पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी हा टप्पा सहा ते आठ हजारांचा ठरला. २०२५ सालच्या विश्लेषणात रोज दोन हजार पावलांच्या तुलनेत सात हजार पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी दिसले. हे सारे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत आणि आजारी माणूस मुळातच कमी चालतो, ही मेख त्यांत राहणारच. तरीही सत्तरीच्या रुग्णाला दहा हजारांचा धाक घालून घरी बसवण्यापेक्षा, "आजी, दोन हजारांवरून साडेचार हजारांवर या, मोठा पल्ला तेथेच आहे," असे सांगणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

आपल्या देशापुरते बोलायचे तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावण्यासारखा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्ती, तीन वर्षांचा पाठपुरावा. ज्यांना नेहमीचा सर्वसाधारण सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणे यांचे नीट मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही जवळपास तेवढेच. आणि दोन्ही एकत्र करूनही अधिक फायदा झाला नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की सल्ला दोन्ही गटांना मिळाला होता. फरक पडला तो पाठपुराव्याने.

आणि आपण तर सडपातळ दिसत असताही आतून स्निग्ध असणारी जात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स नेमका २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. "माझे वजन तर बरोबर आहे, मला कशाला चालायला हवे?" असे म्हणणाऱ्या आपल्या सर्व सडपातळ मराठी सद्गृहस्थांना हे एकच चित्र दाखवावे.

वेळेच्या बाबतीत मात्र आपल्या आज्या आपल्या पाठ्यपुस्तकांच्या पुढे होत्या. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालावी, हा संस्कार मराठी घरात कोणी शिकवावा लागत नसे. पुढे वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या आमच्या पिढीने तो जुन्या समजुतींच्या गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकला आणि त्याच्या जागी पहाटेचा 'मॉर्निंग वॉक' आणला. २०१३ साली अमेरिकेत एक छोटासा अभ्यास झाला. साठीपुढील दहाच व्यक्ती होत्या, पण मापन अत्यंत काटेकोर होते. सकाळी एकदम ४५ मिनिटे चालणे आणि तीन जेवणांनंतर १५-१५ मिनिटे चालणे यांची तुलना केली, तेव्हा दिवसभराच्या शर्करेवर दोहोंचा परिणाम सारखा आढळला. मात्र रात्रीच्या जेवणानंतर चढणारी शर्करा आटोक्यात आणली ती जेवणानंतरच्या चालण्यानेच. कारण सरळ आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतो, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर इन्सुलिनचीच वानवा असते.

आपण सकाळच्या फिरण्यावर जो भर दिला, त्यामुळे चालणे हे एक व्रत होऊन बसले. पहाटे उठणे, विशिष्ट बूट, विशिष्ट उद्यान, तेथपर्यंत स्कूटरने जाणे. ज्याला हे सर्व जमते तो फिरतो. ज्याला जमत नाही तो अपराधी भावनेने घरी बसतो. शिवाय इंदूरमधील सकाळच्या फिरण्याचा शेवट कोठे होतो हे मी या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. नेहरू पार्क वा मेघदूत उपवनात तीन किलोमीटर चालून साधारण दीडशे कॅलरी जाळल्यानंतर वरून शेव घातलेल्या पोह्यांची प्लेट आणि दोन जिलेब्या यांनी त्यांची चक्रवाढ परतफेड केली जाते. पोह्यांना माझा विरोध नाही, इंदूरमध्ये राहून तो परवडणारही नाही. पण हिशोब हिशोबाच्या जागी. दवाच्या गवतावर अनवाणी चालल्याने चष्म्याचा नंबर उतरतो, ही समजूतही याच उद्यानांतून फिरते. तिला आधार नाही, आणि ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे अशा मधुमेही रुग्णांना तर ती एखादे बोट गमावण्यापर्यंत नेऊ शकते.

याउलट मालव्याच्या रात्रीचा विचार करा. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीच्या या पठारावर वैशाखातही सूर्य मावळल्यावर वारा सुटतो. मालव्याची रात्र उर्दू-हिंदीत वाखाणली गेली आहे ती उगीच नव्हे. जेवणानंतर वीस मिनिटे घराबाहेर पडण्यासाठी याहून अनुकूल हवामान देशात थोडक्याच ठिकाणी सापडेल. (सराफ्याकडे जाणारी शतपावली यात मी धरलेली नाही.)

स्त्रियांची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे जरूर आहे. पन्नाशीच्या काकूंना चालायला सांगितले की उत्तर ठरलेले असते. "अहो, दिवसभर घरात चालतेच की मी!" त्या खोटे बोलत नाहीत. स्वयंपाकघर ते देवघर, देवघर ते गच्ची अशा त्यांच्या येरझारा दिवसभर चालूच असतात. पण ते चालणे दहा पावलांचे असते, थांबून थांबून होते, त्याने नाडीचा वेग वाढत नाही आणि मनाला तर क्षणभरही सुट्टी मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत (२०१४) देशातील ५४.४ टक्के लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले; केवळ आवड म्हणून फिरणारे, खेळणारे असे लोक दहा टक्क्यांहूनही कमी, आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक निष्क्रिय. काकूंनी सायंकाळी अर्धा तास घराबाहेर पडावयाचे म्हटले, तर कुकर कोणी लावायचा, सासऱ्यांना चहा कोणी द्यायचा, हे प्रश्न आधी सुटावे लागतात. म्हणून अशा रुग्णेसोबत पती अथवा मुलगा आला असेल, तर चालण्याचा सल्ला मी त्यांच्याकडे पाहून देतो. "यांना रोज सात ते साडेसात बाहेर पाठवा, ते तुमचे काम," असे स्पष्ट सांगितले म्हणजे निम्म्या घरांत तरी उपयोग होतो.

चालण्याच्या सामाजिक बाजूविषयी बोलताना आपण 'मन प्रसन्न राहते' एवढ्यावर थांबतो. गोष्ट त्याहून गंभीर आहे. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग या आपल्या वस्त्यांमधून हिंडून पाहा. दोन मजली घर, दारात तुळस, आत दोन माणसे, पुष्कळदा एकच. मुले पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. रविवारी पडद्यावर भेट होते, तेव्हा आई-बाबा मुद्दाम चांगले कपडे घालून नीट बसतात. त्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसतो, चाल दिसत नाही. ती दिसते रोज सोबत फिरणाऱ्या मंडळींना.

आणि चाल म्हणजे पूर्ण शारीरिक तपासणी असते, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक? परवापर्यंत पुलाचा चढ न थांबता चढणारे आप्पा आज दोनदा थांबले, छातीला हात लावून "काही नाही, जरा वारा धरला" म्हणाले. हा अंजायना सोबत्यांनी ओळखला तर आठवडाभर आधी रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो. दोनशे पावलांनंतर पोटरी धरणारा आणि क्षणभर उभे राहिल्यावर पुन्हा चालू लागणारा धूम्रपानी गृहस्थ आपल्या रक्तवाहिन्यांची हकीकत रस्त्यावर सांगत असतो. एक हात हलेनासा होणे, पाऊल आखूड होणे, वळताना तोल सावरावा लागणे, ही कंपवाताची चाहूल घरच्यांच्या आधी बागेतल्या बाकावरील मित्रांना लागते. केवळ चालण्याच्या वेगावरून वृद्धांचे उर्वरित आयुष्य बऱ्यापैकी वर्तवता येते, हे २०११ साली ३४,००० हून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून दाखवले गेले आहे. सेकंदाला एक मीटरपेक्षा भरभर चालणाऱ्या वृद्धांचे आयुष्यमान अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. स्टॉपवॉचखेरीज कोणतेही उपकरण न लागणारी ही चाचणी आहे. फिरायला जाणाऱ्या चार जणांचा गट म्हणजे बिनखर्चाचे दैनंदिन तपासणी केंद्र आहे. त्यातला एक जण दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याची घंटा वाजवतो. एकटेपणावर आपल्याकडे याहून चांगली गोळी नाही.

चालण्याने माणसे जोडली जातात, हे मराठी समाजाला वारीने शिकवलेच आहे. पण इंदूरकरांना त्याचे आणखी जवळचे उदाहरण आहे. विनोबाजींनी भूदानासाठी चालावयास सुरुवात केली ती १९५१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पोटातील व्रणाचा जुना विकार घेऊन. आणि पुढे तेरा वर्षे ते चालत राहिले. १९६० च्या उन्हाळ्यात चंबळच्या खोऱ्यातील डाकूंची शरणागती झाल्यावर ते जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरला आले आणि येथे महिनाभर राहिले. भिंतींवरील अशोभनीय चित्रपट-पोस्टरांविरुद्धची त्यांची मोहीम याच शहरातून सुरू झाली. नवलखा भागातील विसर्जन आश्रम ही त्या वास्तव्याची खूण आहे. पायी हिंडणाऱ्या माणसाला भिंतीवर काय लावले आहे ते दिसते, नाली तुंबलेली दिसते, ओट्यावर बसलेला म्हातारा दिसतो. मोटारीच्या काचेतून यांपैकी काहीच दिसत नाही, निदान लक्षात राहत नाही.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येतो. चालायचे कोठे?

हा प्रश्न या शहराला शंभर वर्षांपूर्वी एका जीवशास्त्रज्ञाने सोडवून दाखवला होता. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, हक्सलेंचे विद्यार्थी. पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबाराने त्यांना पाचारण केले. तेव्हा इंदूर प्लेगने हैराण झालेले होते. गेडिस नकाशा हाती घेऊन गल्ल्यांमधून पायी हिंडू लागले, तेव्हा लोकांना भीती वाटली, की हा साहेब आता घरे पाडणार. त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे हाती घेतली आणि जाहीर केले, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ झाली असतील, त्या रस्त्यांनी जाईल. गल्लोगल्लीचा कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि स्वच्छ वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार मानाने चालत होते. त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांची परिभाषा वाचून आपल्याला घरच्यासारखे वाटेल. आधी निदान, मग उपचार. आणि शस्त्रक्रिया करायचीच तर ती राखून, कमीत कमी कापून. जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ते काढण्याऐवजी आहेत त्या गल्ल्या मोकळ्या कराव्या, झाडे लावावी, कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठी उद्याने करावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर आपण रस्ते पुष्कळ रुंद केले, परंतु ते वाहनांसाठी. रुग्णाला चालायला सांगताना आपण त्याला कोठे पाठवतो, याची कल्पना असावी म्हणून हा आकडा देतो. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. एखाद्या औषधाने रोज नव्वद माणसे दगावत असती, तर आपण त्या औषधाच्या निर्मितीची चौकशी मागितली असती की नाही? चालणे सोडावे असा याचा अर्थ नाही. बैठेपणाने मरणारे याहून कितीतरी अधिक आहेत. पण औषध शुद्ध हवे, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला आहे.

नियम कागदावर उत्तम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे वस्तीतील पदपथाची अडथळ्यांविना मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि काठाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघे झिजलेल्या आजीला हातभर उंच पदपथावर चढता येत नाही, म्हणून ती रस्त्याच्या कडेने चालते, हे आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी अभियंत्यांना सांगावयास हवे. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाखालील हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे.

आणि हे शहर मनात आणले तर काय करू शकते, हे सर्व देशाने पाहिले आहे. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले आले. ओला आणि सुका कचरा वेगळा करावयाची सवय ज्या शहराने घराघरात लावली, त्याला पदपथावर दुचाकी लावू नये हे शिकवणे अशक्य नाही. २०२० साली छप्पन दुकानांचा परिसर नव्याने बांधून वाहनमुक्त केला गेला. तेथे लहान मुले आणि वृद्ध निर्धास्त हिंडताना दिसतात. शहराने पायी माणसासाठी इतक्या आवडीने मोकळी केलेली जागा नेमकी खाण्याची असावी, हा इंदुरी स्वभावाचा भाग म्हणून सोडून देऊ.

नगर निगमाकडे बोट दाखवण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट नमूद करतो. शहरातील पुष्कळशा दवाखान्यांसमोर, प्रसूतिगृहांसमोर आणि प्रयोगशाळांसमोर पदपथ कोणी अडवलेला असतो? जनरेटर, उताराचा सिमेंटचा ओटा, नावाचा फलक, औषध दुकानाची पायरी आणि रुग्णांच्या गाड्या. आत आपण चालण्याचा सल्ला देतो आणि बाहेर त्याच रुग्णाला रस्त्यावर उतरवतो. व्यवसायबंधूंना हे वाचून राग आला तरी चालेल, पण बाहेर जाऊन एकदा पाहावे.

म्हणून आपल्या संस्थेपुढे माझा एक साधा प्रस्ताव आहे. आपण दरवर्षी मधुमेह तपासणीची शिबिरे घेतो, ती घ्यावीतच. त्याबरोबर पुढील वर्षी प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यासमोरचा आणि आपल्या घरासमोरचा, असा दोनच ठिकाणचा पदपथ टेपने मोजावा. रुंदी किती, काठाची उंची किती, मोकळा भाग किती, अडथळा कशाचा, दिवा आहे की नाही, आणि तेथून सर्वांत जवळच्या उद्यानापर्यंत सत्तर वर्षांच्या माणसाला रस्त्यावर न उतरता जाता येते की नाही. एका पानाची माहिती. स्वतःच्या दवाखान्यासमोरचा अडथळा आधी काढावा आणि मग ही सर्व पाने बांधून नगर निगमाच्या आयुक्तांना द्यावी. पाच गल्ल्या निवडून त्या वर्षभरात दुरुस्त करून मागाव्यात. पन्नास मागितल्या तर एकही मिळणार नाही. त्या पाच गल्ल्यांतल्या मधुमेही रुग्णांची तीन महिन्यांची शर्करा आपल्याकडे नोंदलेली असतेच. दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची, अशी ती पुढच्या स्मरणिकेत छापता येईल. वाढलेली निघाली तरी.

तोवर रुग्णांच्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ स्वच्छ अक्षरात लिहायला हरकत नाही. रात्रीच्या जेवणानंतर, पंधरा मिनिटे, बंद बूट घालून, कोणाला तरी सोबत घेऊन. छातीत दुखले तर थांबावे आणि त्याच रात्री कळवावे.